यमराज हसला तर देव कोपतो का?

1997 साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ आली आणि पोरं अंगणात गरगर फिरायला लागली. कुंडलिनी, सात चक्रं, पंचमहाभूतं असा सगळा भारदस्त ऐवज, आणि त्याच नायकाचं दुसरं रूप म्हणजे दात पुढे आलेला, चष्मेवाला, बावळट पंडित गंगाधर. पुढे शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या छापून आल्या. शक्तिमान साकारणाऱ्या मुकेश खन्नांना पडद्यावरूनच मुलांना समजवावं लागलं.

धार्मिक मंडळींची हरकत मात्र सहसा वेगळीच असते: देवाधर्माची टिंगल. सब टीव्हीवर 2014 मध्ये ‘यम हैं हम’ सुरू झाली. तिच्यात यमराज आणि चित्रगुप्त पृथ्वीवर येऊन माणसांत गोंधळ घालतात. हे लेकरांना दाखवावं का?

रावेरकरांनी तरी या प्रश्नाने दचकू नये. शेजारच्या मुक्ताईनगर तालुक्यात, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते, पोरं खांद्यावर बसून येतात. त्यांना सांगितली जाणारी कथा काय? चौदाशे वर्षांचा योगी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसतो, पण मायना काय घालावा तेच सुचत नाही, म्हणून कोराच कागद धाडतो. एवढं जगून हा कोराच राहिला, असं ज्ञानेश्वरांची चिमुरडी बहीण मुक्ताई म्हणते. मग स्वारी वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन निघते. समोरून चार भावंडं भिंतीवर बसून येतात. शेवटी म्हातारा त्या पोरीचा शिष्य होतो. विनोदी अद्भुतकथा याहून वेगळी काय असते?

फरक आहे तो हसू कुणाच्या वाट्याला येतं यात. चांगदेवाच्या कथेत चमत्काराचाच फजितवडा होतो, सिद्धीचा तोरा उतरतो. ‘शक्तिमान’मध्ये चमत्काराला कुणी हसत नाही, हसायचं ते गंगाधरच्या दातांना. देवाच्या थट्टेपेक्षा ही वाटणी जास्त खटकते, आणि तिच्याविरुद्ध मोर्चा काही निघत नाही.

शिवाय कीर्तनात भिंत चालते तेव्हा बुवा समोर असतात, आजी शेजारी असते. “खरंच चालली का गं?” असं विचारता येतं. मोबाइलवर पुढचा भाग आपोआप सुरू होतो. पाच वर्षांच्या पोराला एकट्याला तिथे कुठलाच महानायक नको. आजीला प्रश्न विचारत यमराजाची फजिती पाहायला मात्र काहीच हरकत नाही. यम त्याने तसाही सावित्रीच्या गोष्टीत फसलेला ऐकलेला असतो.