नोटीस पिरियडमधला त्याग



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ७ ते ९.

संन्यास आणि त्याग यांत फरक काय, असं अर्जुन या अध्यायाच्या सुरुवातीलाच विचारतो. उत्तर देताना भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगतात. वाट्याला आलेलं काम मोहापोटी टाकून देणं, हा तामस त्याग. ते त्रासाचं आहे, शरीराला कष्ट होतील, या भीतीने सोडणं, हा राजस. आणि करायलाच हवं म्हणून काम करायचं, पण त्याची आसक्ती आणि फळ सोडायचं, हा सात्त्विक.

मी नेहमी तिसऱ्यावर अडकायचो. इथे तर काम सुटतच नाही! मग हा त्याग कसला?

याचं उत्तर मला नोकरी सोडताना मिळालं.

अप्रेझलमध्ये डावललं गेल्याचा राग मनात धरून मी राजीनाम्याचा मेल टाकला. नव्वद दिवसांची नोटीस होती. दुसऱ्या दिवसापासून स्टँडअपला कॅमेरा बंद, आणि प्रत्येक कामाला मनात एकच उत्तर : 'आता कशाला?' केटीच्या नावाखाली जुन्या डॉक्युमेंटच्या लिंका पाठवल्या आणि मोकळा झालो.

एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. रात्री चालणारा एक जॉब महिनाअखेरीला कधी कधी मधेच अडकायचा. अर्धवट पडलेल्या नोंदी आधी साफ करूनच तो पुन्हा चालवावा लागायचा, नाहीतर त्याच नोंदी दोनदा पडायच्या. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, फक्त माझ्या डोक्यात होतं. मी खोटं बोललो नव्हतो. कोणी विचारलंच नव्हतं. पण खरं सांगू? मनात एक गोड चित्र होतं. मी गेल्यावर तो जॉब पडेल, मग कळेल यांना माझी किंमत.

एका संध्याकाळी हेच श्लोक वाचताना ते चित्र नीट पाहिलं. रात्री दोन वाजता फोन कोणाला जाणार? ज्याच्यावर राग होता त्या मॅनेजरला नाही. मला दादा म्हणणाऱ्या, माझं काम हातात घेतलेल्या ज्युनियरला. आणि मी खुर्ची सोडत होतो, पण 'माझ्यावाचून अडेल' हे सोडलंच नव्हतं. त्यालाच तर आसक्ती म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सगळं लिहून काढलं. त्याच्या शेजारी बसून टेस्टवर तो जॉब मुद्दाम पाडला आणि त्याच्याच हातून उभा करवला.

तेव्हा लक्षात आलं, नोटीसच्या काळात अप्रेझल नाही, प्रमोशन नाही, बोनस नाही. फळ आपोआप गळून पडलेलं असतं. उरतं नुसतं काम. गीता सांगते ते करून बघायला याहून चांगली जागा कुठली? आता, मी पूर्ण निष्काम होतो असं नाही हं. रिलिव्हिंग लेटर हवंच होतं!

नोकरी बदलू नये, असं याचा अर्थ नाही. जिथे अपमान होतो, चुकीचं काम करायला लावतात, तिथून जरूर निघावं. प्रश्न जावं की नाही हा नाहीच, जाताना मनात काय घेऊन निघतो हा आहे.

मी निघाल्यानंतर महिनाअखेर आली. 'जॉब नीट चालला का?' असा मेसेज टाईप केला आणि पुसून टाकला. कोणाचाच फोन आला नाही. जरा टोचलं. माझी किंमत कोणालाच कळली नव्हती. मग वाटलं, फळ सोडणं म्हणतात ते हेच असावं. ते सोडताना थोडं दुखतंच.

आजचा संकल्प : जे फक्त आपल्याच डोक्यात आहे असं एक काम आज कोणाला तरी नीट शिकवूया.

राम कृष्ण हरी.