कॅज्युअल

आमच्या बारामती एमआयडीसीत ‘कॅज्युअल’ ह्या शब्दाचे कालपरवापर्यंत दोनच अर्थ होते. एक रजेचा, दुसरा कामगाराचा. पहिली आजीला वर्षातून दोनतीनदा मारून मिळवता येते. दुसरा म्हणजे आज गेटवर घेतला, उद्या घेतलाच असं नाही. आता तिसरा अर्थ आलाय. स्कूटरच्या, चॉकलेटच्या कारखान्यांत नोकरीला आलेली, खोली घेऊन राहणारी मुलंमुली सांगतात, “काका, आमचं कॅज्युअल आहे.” म्हणजे अंथरूण एक, पुढचं काही नाही. ‘आमचं’ही म्हणायचं आणि ‘कॅज्युअल’ही म्हणायचं, इथंच गोम आहे.

ह्यावर नाक मुरडणं सोपं. पण र. धों. कर्व्यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि 1953 साली मरेपर्यंत चालवलं. कामसुख पुरुषाइतकंच बाईचंही. रोग टाळा, नको असलेलं मूल टाळा, मग उगाच पापाची भीती कशाला, असा त्यांचा रोखठोक हिशेब. मला तो पटतो. (घरात मोठ्यानं म्हणत नाही, इतकंच.)

पण दोन्ही टाळूनही एखादी पोर तीन दिवस धड जेवत नाही. फोन उलटा ठेवते, पुन्हा सुलटा करते. तिला रोग झालेला नसतो. तिला उत्तर आलेलं नसतं. विचारायची सोय नाही, कारण ‘अपेक्षा नाहीत’ हे तिनंच हसत कबूल केलेलं. इंदापूरला आईला सांगावं तर आठवड्यात स्थळ येईल! मुलग्यांचंही हेच होतं. ते फक्त जिमला जातात.

कॅज्युअल कामगारही ‘कायम करा म्हणणार नाही’ असं कबूल करूनच आत येतो. तरी 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यानं वर्षात 240 दिवस राबलेल्याला कमी करताना महिन्याची नोटीस आणि भरपाई द्यायला लावली. कायम करा असं नाही म्हटलं; गुपचूप गेट बंद करू नका, एवढं म्हटलं. मला विचाराल तर माणसामाणसांत 240 दिवसांचीही अट नको. एका रात्रीनंतरसुद्धा ‘आता पुढे नको’ हे तोंडानं सांगायला हवं.

वाचकांच्या खाजगी प्रश्नांना छापून उत्तरं दिली म्हणून 1934 साली कर्व्यांवर खटला चालला. वकील होते बाबासाहेब आंबेडकर. तरी दंड झालाच. आता एका ओळीच्या उत्तराला पैसाही पडत नाही. फोनवर दोन निळ्या खुणा तेवढ्या उमटतात, आणि ती पोर डबा भरून सेकंड शिफ्टला जाते.