यादीत न आलेली कॉलेजं

अमेरिकेत मूल बारावीत गेलं की ऑगस्टपासून घरात एक यादी तयार होऊ लागते. तिचे तीन कप्पे ठरलेले: मिळाली तर नशीब ती ‘रीच’, आपल्या गुणांच्या तोडीची ती ‘मॅच’ आणि हमखास मिळणारी ती ‘सेफ्टी’. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत हे शब्द पोह्यांच्या बशीइतके रुळले आहेत. ‘कॉमन ॲप’ हा सामाईक अर्ज १९७५ मध्ये १५ कॉलेजांनी मिळून सुरू केला. आज त्यात हजाराहून अधिक संस्था आहेत आणि एका विद्यार्थ्याला त्यातल्या २० निवडता येतात. वसंतात निकाल लागले की बोलणं होतं ते कोणी घेतलं, कोणी नाकारलं याचं. हार्वर्ड शंभरातल्या पाचांनाही घेत नाही, हे आता शाळकरी पोरंही सांगतात. पण ज्याने अर्जच केला नाही, तो कुठल्याच नकाराच्या आकड्यात मोजला जात नाही. खरी चाळणी तिथे लागते, असं माझं मत आहे.

कॅरोलाइन हॉक्स्बी आणि क्रिस्टोफर ॲव्हरी या अर्थतज्ज्ञांनी २००८ साली शाळा संपवणाऱ्या मुलांची माहिती तपासली. गरीब घरांतल्या, पण उत्तम गुणांच्या मुलांपैकी बहुसंख्यांनी एकाही नामांकित कॉलेजात अर्ज केलेला नव्हता. ही मुलं देशभर विखुरलेली होती. ज्या गरीब मुलांनी अर्ज केले, त्यांना सुखवस्तू मुलांच्याच प्रमाणात प्रवेश मिळाले आणि त्यांनी पदव्याही तशाच घेतल्या. आणखी एक गोष्ट बोचणारी आहे. आर्थिक मदत वजा केली, तर ते नामांकित कॉलेज त्यांना घराजवळच्या साध्या कॉलेजापेक्षा स्वस्त पडलं असतं. छापील फी बघून ती मुलं मागे फिरली, आणि ती फी त्यांच्यासाठी नव्हतीच.

यादी किती क्षुल्लक गोष्टींनी ठरते, हे अमांडा पॅलेस यांच्या अभ्यासात दिसतं. एसीटी ही अमेरिकेतली एक प्रवेशपरीक्षा. १९९७ पर्यंत परीक्षार्थींचे गुण तीन कॉलेजांना फुकट पाठवले जात. मग फुकट प्रती चार झाल्या. चौथ्या प्रतीची किंमत होती सहा डॉलर, म्हणजे एका जेवणाचे पैसे. एवढ्या बदलाने काही होईल असं कोणाला वाटलं असतं? पण आधी बहुतेक मुलं बरोबर तीन ठिकाणी गुण पाठवत, ती आता बरोबर चार ठिकाणी पाठवू लागली, आणि गरीब घरांतल्या मुलांचे अर्ज अधिक चांगल्या कॉलेजांपर्यंत पोचू लागले. फॉर्मवर जितक्या ओळी, तितकी कॉलेजं. तीन हा आकडा कोण्या कार्यालयात सोयीसाठी ठरला असेल. मुलांनी तो सल्ला समजून पाळला. सल्ला द्यायला दुसरं होतं तरी कोण? समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मते एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत. देशाची सरासरी त्याहून बरीच वर आहे. ज्याच्या घरात कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्याला विचारायला तो छापील फॉर्मच उरतो.

मग माहिती पोचवली की झालं, असं वाटणं साहजिक आहे. हॉक्स्बी आणि सारा टर्नर यांनी माणशी सहा डॉलरच्या आसपास खर्चात माहितीची पाकिटं घरोघर पाठवली, तेव्हा अर्ज वाढले. पण तोच प्रयोग पुढे फार मोठ्या प्रमाणावर झाला, तेव्हा परिणाम जवळपास दिसलाच नाही. मिशिगन विद्यापीठाने मात्र वेगळं केलं. हुशार, गरीब मुलांना त्यांच्या नावाने पत्र गेलं: तुला प्रवेश मिळाला, तर चार वर्षांची फी माफ. आईवडिलांना आणि मुख्याध्यापकांनाही कळवलं गेलं. यातल्या बहुतेकांची फी तशीही माफ झालीच असती; पत्राने नवा पैसा जवळजवळ दिलाच नाही. तरी जिथे चौघांतला एक अर्ज करत होता, तिथे तिघांतले दोघे करू लागले आणि प्रत्यक्ष प्रवेश दुपटीहून वाढले. माहिती आणि शब्द यांत फरक आहे. ‘कदाचित मदत मिळेल’ या वाक्यावर गरीब घर चार वर्षं पणाला लावत नाही, आणि ते शहाणपणाचंच आहे.

सुखवस्तू घरांचं दुखणं उलटं. तिथे यादी कॉलेजांच्या क्रमवारीवरून उतरवली जाते. २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्याच मायकल थॅडियस या गणिताच्या प्राध्यापकाने आपल्या विद्यापीठाने क्रमवारीसाठी दिलेल्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या क्रमांकावरचं कोलंबिया अठराव्यावर घसरलं. विद्यापीठ तेच, वर्गही तेच. तरीही पुढच्या वर्षीच्या याद्या क्रमवारी बघूनच बनल्या. अशा पालकांसाठी स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांचा २००२ सालचा शोधनिबंध आहे: सारख्याच गुणांच्या आणि सारख्याच कॉलेजांत अर्ज केलेल्या मुलांची पुढची कमाई, ती कुठे शिकली यावरून फारशी बदलली नाही. अपवाद गरीब घरांतल्या मुलांचा. त्यांना मोठ्या कॉलेजाचा फायदा झाला. म्हणजे ज्यांना त्या नावाची फारशी गरज नाही, ते वीस अर्ज करतात आणि ज्यांना आहे, ते एकही करत नाहीत.

आपल्याकडे ही अडचण कागदावर नाहीच. महाराष्ट्रात इंजिनीअरिंगच्या प्रवेशफेरीत शेकडो पर्याय भरता येतात आणि पर्याय वाढला म्हणून पैसे वाढत नाहीत. गेल्या वर्षीचे कट-ऑफ सीईटी सेल जाहीर करतो. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी २०२४ पासून पूर्ण माफ आहे. मजुरांच्या आणि अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ताही आहे. तरी हिंगोलीतल्या एखाद्या मुलीच्या फॉर्मवर पुण्याचं सीओईपी येतं की नाही, हे ‘तिथे राहणार कुठे, मेस कोण भरणार’ या घरातल्या एका वाक्यावर ठरतं. ते वाक्य बोलणाऱ्या बापाला मागासलेला म्हणणं सोपं आहे. त्याला योजना ऐकून माहीत असते. पैसे कधी येतील, हे मात्र कोणी लिहून देत नाही.

मिशिगनला जे पत्र लिहावं लागलं, ते लिहिणं इथे सोपं आहे, कारण सरकारजवळ बरंच काही आधीच असतं: पर्सेंटाइल, जात, उत्पन्नाचा दाखला, पत्ता. निकालाच्या कागदावर पर्सेंटाइलखाली चार ओळी छापता येतील: गेल्या वर्षी एवढ्यावर कुठली कॉलेजं मिळाली, तुझी फी किती, वसतिगृहाचा भत्ता किती आणि तो कुठल्या तारखेला जमा होणार. यातल्या पहिल्या तीन ओळी संगणक एका रात्रीत छापेल. चौथ्या ओळीवर कोणाला तरी सही करावी लागेल.