शुक्रवारची बिर्याणी

महाराष्ट्रात मांसाहाराचं एक वेळापत्रक आहे, ते कुठे छापलेलं नाही पण सगळ्यांना पाठ आहे. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा किंवा साईबाबांचा, शनिवार मारुतीचा. घरागणिक यातला एखादा वार गळतो, एखादा वाढतो. तरी बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे बहुतेकांचे वशाटाचे वार. चिकनच्या दुकानापुढची रांग बघून आज कोणता वार ते सांगता येतं. आम्हा वसईच्या कॅथलिकांची पंचाईत इथेच होते. येशूला शुक्रवारी क्रूसावर दिलं, म्हणून ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या दर शुक्रवारी आम्हांला मांस वर्ज्य. आणि नेमक्या त्याच वारी ऑफिसच्या कँटीनमध्ये बिर्याणी असते.

मी मराठी शाळेत शिकवलं आणि रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात मुलांना धर्मशिक्षण दिलं. मुलं मोठी झाली, नोकरीला लागली, पण प्रश्न मलाच विचारतात. उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार होऊन दोनेक आठवडे झाले की कुणीतरी फाटकात येऊन उभं राहतं. “टीचर, शुक्रवारी विसरून चिकन खाल्लं. कुमसारला सांगावं लागेल?”

कुमसार म्हणजे फादरांपुढे पापाची कबुली. प्रश्नाचं उत्तर एका मिनिटाचं आहे. गंभीर पापाला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर हवी, ती पाप आहे याची पूर्ण जाणीव हवी आणि जाणूनबुजून दिलेली संमती हवी. विसरलेल्या माणसाला खाताना जाणीव नव्हती, मग संमती कसली? पाप नाही. जा घरी. एवढं सांगूनही माणूस हलत नाही, पायरीवर घुटमळतो. पाप नाही हे पटतं, पण काहीतरी गेलं असं त्याला वाटत राहतं. मला वाटतं, त्याचं वाटणं बरोबर आहे. माझं उत्तर शास्त्राला धरून असलं तरी अपुरं आहे.

नियम तसा सुटसुटीत. वयाची 14 वर्षं पूर्ण झालेल्याने वर्ज्य पाळायचं आणि त्याला वरची मर्यादा नाही. उपवास, म्हणजे दिवसातून एकदाच पोटभर जेवण, फक्त राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, तोही 18 वर्षांपासून साठावं लागेपर्यंत. मला साठावं लागलं, तेव्हा उपवासातून सुटले. मटणातून मात्र मरेपर्यंत सुटका नाही. अपवादही आहेत. एखादा महोत्सव शुक्रवारी आला तर वर्ज्य उठतं. 2021 साली संत जोसेफचा सण, 19 मार्च, शुक्रवारी आला आणि लगेच 2022 साली 25 मार्चचा देवदूताच्या निरोपाचा सणही शुक्रवारीच. दोन्ही वेळा मी घरात जाहीर केलं की आज चालतं. कुणी विश्वास ठेवला नाही. सुनेने तर फादरांना फोन लावून खात्री केली आणि तरीही भाजीच केली.

मांसच का, याचं कारण तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी दिलं होतं: जमिनीवरच्या प्राण्यांचं मांस जिभेला जास्त सुख देतं आणि शरीराला जास्त पोसतं, म्हणून वासनेला आवर घालायचा तर ते सोडावं. मासे त्यांनी त्या मानाने सौम्य धरले. थॉमस इटलीत जन्मले, पॅरिसमध्ये शिकवत होते. वसईच्या पाचूबंदरला येऊन ताजा पापलेट खाल्ला असता तर त्यांनी हा परिच्छेद पुन्हा लिहिला असता, असं मला नेहमी वाटतं. आमच्या कोळीवाड्यात मासळी रोजची आणि मटण सणावाराचं. मटण सोडणं म्हणजे तिथे काहीच न सोडणं. बागायतीच्या गावांतही मार्चमध्ये सुके बोंबील आणि कैरी घरात असते, आणि त्या कालवणापुढे ब्रॉयलर कोंबडीची काय मातब्बरी? शुक्रवारी सुरमईची तुकडी तळून ‘आज आमचं वर्ज्य आहे’ म्हणणाऱ्यांना मी हसत आले आहे. माझ्याच ताटात ती तुकडी असताना.

तर मग या नियमात उरलं काय? जिभेला त्रास नाही, पोटाला चिमटा नाही, पैशाची बचतही नाही; सुरमईचा भाव काढा एकदा. उरते ती एकच गोष्ट: आज शुक्रवार आहे हे ध्यानात ठेवणं. आठवड्यातून एकदा, ऐन जेवणाच्या वेळी, हात ताटाकडे जाताना थांबणं आणि तो का थांबला ते माहीत असणं. याहून जास्त नियम काही मागत नाही. म्हणूनच सुरमई खाऊनही ज्याने दिवस ध्यानात ठेवला त्याने नियमातलं होतं नव्हतं ते सगळं पाळलं. आणि जो विसरला त्याने पाप केलं नाही, पण नियमात जे एवढंसं होतं तेच त्याच्या हातून निसटलं. पायरीवर घुटमळणाऱ्याला हेच टोचत असतं.

विसरणं आणि मोडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 1522 साली झ्युरिक शहरात क्रिस्टोफ फ्रोशाउअर नावाच्या मुद्रकाच्या घरी उपवासकाळातच सॉसेज कापून वाटले गेले. फ्रँकफुर्टच्या जत्रेसाठी पुस्तकं तयार करायची होती, कामगार रात्रंदिवस राबत होते, नुसत्या सांज्यावर त्यांचं कसं भागणार, असा त्याचा बचाव होता. उल्रिख झ्विंग्ली हा धर्मगुरू तिथे हजर होता. त्याने खाल्लं नाही, पण काही दिवसांतच खाण्याच्या स्वातंत्र्यावर प्रवचन दिलं, आणि स्वित्झर्लंडमधली धर्मसुधारणा तिथून पेटली. मी त्यांच्या बाजूची नाही. पण त्या सॉसेज खाणाऱ्यांना उपवासकाळ किती लख्ख आठवत होता बघा! न आठवता बंड करता येत नाही. आज आमची पोरं बंड करत नाहीत. त्यांच्या लेखी तो दिवस आलेलाच नसतो.

यात पोरांचा दोष किती, यावर माझं मत दरवर्षी थोडं बदलतं. माझ्या लहानपणी शुक्रवार कुणी डोक्यात ठेवत नसे, कारण तो घराबाहेरच ठेवलेला असायचा. आमच्या आळीत उपवासकाळातल्या शुक्रवारी डुक्कर कापलं जात नसे. संध्याकाळी क्रूसाच्या वाटेची घंटा व्हायची. आई चुलीवर काय ठेवते यावरून वार कळायचा, आणि चुकून कुणाकडे मटणाचा वास आलाच तर तीन घरं सोडून म्हातारी खोकायची. त्या खोकण्याचा मला तेव्हा राग यायचा. अजूनही त्याचं कौतुक करणार नाही, कारण त्यात कडवटपणा बराच होता. पण मला शुक्रवार आठवत होता असं म्हणण्यात अर्थ नाही. गावाला आठवत होता, मी त्या गावात राहत होते.

1966 साली पोप सहावे पॉल यांनी तपश्चर्येचे नियम नव्याने लावले आणि त्या त्या देशाच्या बिशपांना मांसवर्ज्याऐवजी प्रार्थना किंवा दानधर्म असं दुसरं काही ठरवायची मुभा दिली. हेतू चांगला होता: माणसाने धाकाने नव्हे, मनापासून करावं. इंग्लंड आणि वेल्सच्या बिशपांनी ऐंशीच्या दशकात शुक्रवारची तपश्चर्या ज्याची त्याने निवडावी असं ठरवलं. पंचवीसेक वर्षांनी, 2011 च्या सप्टेंबरपासून, त्यांनी पुन्हा सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली: शुक्रवारी मांस नको, वर्षभर. चांगल्या सवयी सगळ्यांनी मिळून केलेल्या निश्चयातून लागतात, हे त्यांचं कारण होतं. मला ते पटतं. आमच्याकडेही प्रवचनात सांगतात, मांसापेक्षा मोबाईल सोडा, राग सोडा, कुणाची निंदा सोडा. यशया संदेष्ट्याने तर कधीच सांगून ठेवलं आहे की अन्यायाच्या बेड्या तोडणं आणि भुकेल्याला आपली भाकर देणं हाच देवाला आवडणारा उपास. त्याच्यापुढे मी काय बोलणार! पण शुक्रवारी राग सोडलेला माणूस मी ओळखू शकत नाही, आणि तो विसरला तर त्याला आठवणही करून देऊ शकत नाही. चिकन न खाणाऱ्याला ओळखू शकते. हलका नियम दहा जणांना मिळून धरता येतो. भारी नियम ज्याचा त्याने एकट्याने उचलायचा असतो. भारी नियम मोठा आहे, यात शंका नाही. तो किती जणांना उचलवतो, हे मात्र कुमसार ऐकणाऱ्या फादरांना विचारावं.

माझा भाचा ऐरोलीला एका कंपनीत आहे. यंदा उपवासकाळातल्या एका शुक्रवारी त्याचा फोन. “मावशी, बिर्याणी खाल्ली. अर्धी झाल्यावर आठवलं.”

“मग? उरलेली?”

“ती पण खाल्ली. टाकायची कशी?”

हा प्रश्न कठीण आहे. पहिली अर्धी विसरून गेली, तिचं काही नाही. दुसरी अर्धी आठवून गेली, आणि अन्न टाकणं हेही वाईटच. एका घासाने नरक मिळत नाही, इतकं चर्चही सांगतं. 1966 च्या नियमातली गंभीर बाब म्हणजे एकूण पाळण्याकडेच पाठ फिरवणं, एखादा चुकलेला दिवस नव्हे. मी त्याला म्हटलं, डबा शेजारच्याला द्यायचास. तो म्हणाला, शेजारच्याची संकष्टी होती.

पुढच्या शुक्रवारसाठी त्याने मोबाईलवर गजर लावला. गजराने आठवलेलं आठवणीत धरायचं का, यावर आमचा थोडा वाद झाला. मी म्हटलं, चर्चची घंटा तरी दुसरं काय होती, तेव्हा चालेल. पण गजर वाजला तेव्हा तो मीटिंगमध्ये होता, त्याने तो न बघताच बंद केला. कँटीनच्या रांगेत त्याला मागून कुणीतरी हटकलं, “अरे, तुझा शुक्रवार ना आज?” तोच, संकष्टीवाला. गेल्या खेपेला हा अर्ध्यात थबकलेला त्याने पाहिला होता.

भाच्याने पनीर बिर्याणी घेतली आणि संध्याकाळी फोनवर तिच्याबद्दल बरंच वाईट बोलला. मी म्हटलं, बघ, सुरमई घेतली असतीस तर एवढी तपश्चर्या घडली नसती.