माफी कुणाला?

१८२५च्या जुलैत नॉर्वेतील स्टाव्हांगरहून ‘रेस्टाउराशोन’ हे छोटे गलबत खलाशांसह ५२ जणांना घेऊन अमेरिकेला निघाले. त्यांत क्वेकर पंथाचे लोक होते. राज्यधर्माबाहेर उपासना करणे मायदेशी त्यांना कठीण झाले होते. वाटेत एक मूल जन्मले. ९ ऑक्टोबरला न्यू यॉर्कला ५३ जण उतरले, आणि उतरताच गुन्हा ठरला. १८१९च्या अमेरिकी कायद्याने दर पाच टनांमागे दोनच प्रवासी आणता येत. गलबत होते जेमतेम ३९ टनांचे. ते जप्त झाले, दंड बसला. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी माफी दिली.

कायदा दुष्ट नव्हता. दाटीवाटीच्या जहाजांत माणसे मरू नयेत, म्हणूनच तो केला होता. पण ज्यांच्या जिवासाठी केला, त्यांच्यावरच तो उलटला.

अनुवाद करताना ‘माफी’ या शब्दापाशी मी अडखळते. माफी घ्यायची तर आधी अपराध कबूल करावा लागतो. शिवाय ती देणाऱ्याच्या मर्जीवर. या लोकांच्या मदतीला न्यू यॉर्कमधले क्वेकर तरी होते. ज्याची ओळखदेख कुणाशीच नाही, त्याने काय करावे? दया चांगलीच, पण तिची वाट पाहावी लागते, तिथे न्याय अजून पोहोचलेला नसतो.