अंगावर काढणं

दुखणं ‘अंगावर काढणं’ हे मराठीत जवळजवळ कौतुकानं म्हटलं जातं. आमच्या जळगाव-धुळ्याकडे कापूस वेचणाऱ्या, डोक्यावर भारे वाहणाऱ्या बायांबद्दल तर हमखास. त्यातल्या एका दुखण्याचं नावही अंगावरूनच: अंग बाहेर येणं. बाळंतपणात ओटीपोटाचे स्नायू आणि गर्भाशयाला धरून ठेवणारे पडदे ताणतात, फाटतात. पुढे ओझी, जुना खोकला, उतारवय. मग गर्भाशय किंवा मूत्राशय खाली सरकत योनीबाहेर येतं. माझी एक मावशी कित्येक वर्षं ते हातानं आत ढकलून शेतात जायची. घरात सगळे म्हणायचे, सोशिक आहे हो. सोशिक म्हणजे काय, तर बाकीच्यांची सोय!

१९८९ साली डॉ. राणी बंग यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायांपैकी ९२ टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के.

उपाय नव्हते असं नाही. व्यायाम आहेत, आत बसवायची रिंग आहे. मुंबईच्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांच्या नावाच्या, गर्भाशय न काढता वर टांगणाऱ्या शस्त्रक्रिया आहेत. नंतर प्लास्टिकची जाळी आली. ती अनेकींच्या आत रुतली, टोचत राहिली. त्या सांगत होत्या, ऐकलं गेलं उशिरा. अमेरिकेनं योनीमार्गे बसवायच्या अशा जाळ्यांची विक्री थांबवली ती २०१९ मध्ये.

आता ऑस्ट्रेलियात कॅरोलिन गार्गेट यांचा गट गर्भाशयाच्या अस्तरातल्या मूळपेशी जाळीवर पेरून पाहतोय. प्रयोग मेंढ्यांवर झालेत. मेंढ्यांचंही अंग बाहेर येतं.

बाईच्याच पेशींनी तिचा फाटलेला आधार विणायचा, ही कल्पना मला मनापासून आवडते. ‘गरिबाला आधी रिंग द्या, पेशी कसल्या’ हे मला पटत नाही. नवं ते नेहमी दुसऱ्यांनाच का?

अडतं वेगळ्याच ठिकाणी. उद्या चाचणीसाठी खान्देशातली बाई अंगठा उठवेल, तेव्हा तिच्यासमोर दुसरा पर्याय कोणता असेल? फक्त सोसणं असेल, तर तिच्या ‘हो’ला मी संमती म्हणणार नाही. नाही म्हणून घरी जाताना तिला तालुक्याच्या दवाखान्यात रिंग मिळाली पाहिजे, ती बसवून देणारं कुणीतरी मिळालं पाहिजे. मग ती काय म्हणते ते विचारा.