उपकार, अधिकार आणि खाडा

निवडणुकीचे दिवस आले म्हणजे प्रत्येक उमेदवार श्रमिकांच्या संसाराची काळजी वाहूं लागतो. कोणी स्वस्त धान्याचें वचन देतो, कोणी घराचें, कोणी मुलांच्या शिक्षणाचें. यांपैकीं कोणतेंही वचन वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु राज्याची तिजोरी अक्षय्य नसते आणि विधिमंडळाचें अधिवेशनही थोड्या दिवसांचें असतें. तेव्हां कष्टकरी कुटुंबासाठीं सर्वांआधीं काय करावें, हा प्रश्न आमदाराला टाळतां येत नाहीं. प्रश्न वरकरणी हिशेबाचा दिसतो. आमच्या मतें तो मुळांत नीतीचा आहे.

१९२८ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलापुढें, कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना बाळंतपणाच्या काळांत भत्ता मिळावा अशा आशयाचें विधेयक आलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हां कौन्सिलाचे सभासद होते. विधेयकास पाठिंबा देतांना त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, प्रसूतीच्या आधीं व नंतर मातेला विसांवा मिळणें ही राष्ट्राच्या हिताची बाब आहे, आणि ज्या मालकाला तिच्या श्रमाचा लाभ होतो त्यानें या खर्चाचा भार अंशतः तरी उचलला पाहिजे. १९२९ सालीं कायदा झाला. त्यांतील रकमेपेक्षां त्यामागील विचार आम्हांस मोठा वाटतो. बाळंतिणीच्या हातावर चार पैसे ठेवणारे दयाळू मालक पूर्वीही असतील. पण मालक दयाळू नसला तरीही तिला ते मिळावेत, ही गोष्ट नवी होती.

दुसरें उदाहरण अधिक जवळच्या काळांतलें. महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून १९६५ सालीं तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें एक प्रयोग झाला. गांवांतील जो काम मागेल त्यास काम द्यावयाचें, इतकीच ती कल्पना. १९७२ च्या दुष्काळांत तिची खरी कसोटी लागली. १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. अंगमेहनतीचें काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढास पंधरा दिवसांच्या आंत काम, नाहीं तर बेकारभत्ता, असें त्याचें बंधन होतें. पुढें २००५ सालीं केंद्रानेंही रोजगार हमीचा कायदा केला, त्यास हाच अनुभव उपयोगी पडला.

यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. हक्क दिला कीं माणूस आळशी होतो, असें आपण सुशिक्षित लोक फार सहज बोलून जातों. वैशाखाच्या उन्हांत खडी फोडण्याचा हक्क मागणारा मनुष्य आळशी कसा, हें आम्हांस कधीं समजलें नाहीं. उलट आमचा अनुभव असा कीं, मनुष्यास दुबळें करते ती अनिश्चितता. देणगी देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. तिच्या भरंवशावर कोणी मुलाला शाळेंत ठेवीत नाहीं. उद्यांची मजुरी नक्की असेल तर वाणीही उधारी देतो. अर्थात् ती मजुरी महिना महिना लांबली, तर कागदावरचा हक्क आणि देणगी यांत फरक उरत नाहीं. म्हणून नव्या योजनेची घोषणा करण्यापूर्वीं जुन्या योजनेची मजुरी वेळेवर हातीं पडते कीं नाहीं, हें पाहणें आम्ही आमदाराचें पहिलें कर्तव्य समजतों.

आतां थोडें आपल्या घरांत डोकावूं. रोजगार हमीस पैसा हवा म्हणून १९७५ सालीं या राज्यांत व्यवसायकर बसला. पगारदारांच्या वेतनांतून दरमहा दोनशें आणि फेब्रुवारींत तीनशें रुपये अद्याप कापले जातात. त्यावर कुरकुर करणाऱ्यांत आम्हीही होतों. पण त्याहून अधिक लाजिरवाणी गोष्ट निराळीच आहे. आमच्या घरीं धुण्याभांड्याला येणारी बाई एकदां मुलाच्या तापामुळें आठ दिवस आली नाहीं. महिनाअखेर कॅलेंडरावरचे खाडे मोजले गेले आणि आठ दिवसांचे पैसे कापले गेले. त्याच महिन्यांत आम्ही स्वतः भरपगारी रजेवर आठवडाभर अंथरुणांत पडून होतों, हें तेव्हां आमच्या ध्यानींही आलें नाहीं. पुढें दिवाळीला तिला लुगडें दिलें. त्याची किंमत कापलेल्या पैशांहून अधिक होती, आणि आम्हांस मोठें समाधान वाटलें. परंतु तिला पैशांची गरज औषधाच्या वेळीं होती, आणि ते तिचे म्हणून हवे होते. लुगडें आम्हीं आमच्या समाधानासाठीं दिलें होतें.

घरकाम करणाऱ्यांसाठीं कल्याण मंडळ स्थापण्याचा कायदा महाराष्ट्रांत २००८ सालीं झाला. तो योग्यच होता. पण आमच्या स्वयंपाकघरांतील कॅलेंडर कोणता निरीक्षक तपासणार? म्हणून आमदाराकडे बोट दाखवितांना आपलाही हिशेब मांडावा लागतो. त्याचा क्रम आम्हीं विचाराल तर असा सांगूं: ज्या घरांत एका दिवसाचें दुखणें म्हणजे एका दिवसाची उपासमार, तें घर आधीं, आणि त्यास जें द्यावयाचें तें मागतां येईल अशा रूपानें.

आमच्या घरीं आतां महिन्याला दोन दिवस रजा, आणि दुखण्याचे पैसे कापावयाचे नाहींत, असा नियम केला आहे. पहिल्या महिन्यांत ती बाई आमच्या पत्नीस दोनदां विचारून गेली, “वहिनी, खाडा धरणार नाय ना?” तिनें तिसऱ्यांदा विचारलें नाहीं, तेव्हां आम्हांस थोडें बरें वाटलें.